ओल्या बाहुल्या

१० जानेवारी

ताई,

तू बजावून ठेवलं होतंस, की पत्रात हवापाण्याचं लिही, मुलांचं लिही, पण तिथल्या कामाचं एक अक्षरही नको. इतकी वर्षं मी ते निमूट पाळलं. माझी पत्रं वाचून कुणालाही वाटेल, की ही बाई हवामान खात्यात नोकरीला आहे. आज मात्र मी तुझा नियम मोडतेय. पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच.

मला अँब्युलन्सवाल्यांना शिकवायचं काम मिळालंय. जन्मल्यावर न रडणारं बाळ, आणि त्याला श्वास कसा द्यायचा, एवढाच विषय. गाडीत मागे बसणारे मदतनीस आणि ड्रायव्हर, दोघांनाही शिकवायचंय. लेबर रूममधून मला हलवलं, आणि धुलाईखान्याच्या वरची खोली दिली. का हलवलं, ते सांगेन केव्हातरी. अक्षर जरा वाकडं आलंय, त्याचा दोष पेनाला दे.

खोली तुला आवडेल. खालची मशिनं सुरू झाली, की फरशी कोमट होते आणि खिडकीच्या काचा घामेजतात. सगळीकडे साबणाचा आणि खळीचा वास. ज्या खुर्च्यांना लिहायला फळी असते तसल्या खुर्च्या आहेत, फक्त बहुतेकींच्या फळ्या गेल्यात. आणि कपाटात रबराच्या तीन बाहुल्या. हवा दिली की छाती खरोखर वर उचलली जाते त्यांची. आपल्या वेळी अख्ख्या नर्सिंग स्कूलला मिळून एक बाहुली होती, आणि तीही मोठ्या बाई कुलपात ठेवायच्या. शिकवायला बाहेर काढली, की ती बाहुली पाहुण्यासारखी टेबलावर आणि आपण उभ्या.

म्हणून तर तू उशीला टॉवेल बांधून तिचं बाळ केलंस. नाक-डोळे काजळपेन्सिलीनं काढलेस, एक डोळा मोठा नि एक बारीक. तू सिस्टर, आणि आई कायम मी. दुपारी हॉस्टेल निजलेलं असताना मी इतक्या जोरात कळा दिल्या, की वॉर्डनबाई अनवाणी धावत आल्या. "कोण बाळंत होतंय?" आणि तू पापणी न हलवता म्हणालीस, "उशी, मॅडम."

मला अजूनही ते आठवलं की खोलीत एकटीच हसू येतं. मी तुझ्या मागे मागे त्या स्कूलमध्ये आले, तुझ्याच खोलीत खाट लावून घेतली, तुझेच जुने युनिफॉर्म आखूड करून घातले. सगळ्या मला तुझं शेपूट म्हणायच्या. तू अँब्युलन्सवर गेलीस, तेव्हा मलाही जायचं होतं. "दोघी रस्त्यावर नकोत. एकीनं तरी छताखाली राहावं," म्हणालीस. म्हणून मी लेबर रूम धरली. तू बाळं आणायचीस, मी दारात ती घ्यायची.

फाडलंस का?

शेपूट

० ० ०

२७ जानेवारी

ताई,

उत्तर आलं नाही. पण पत्रही परत आलं नाही, म्हणून पुढे लिहितेय.

पहिला वर्ग झाला. त्यातल्या दोघांना तर मी मनातल्या मनात नावंही ठेवून टाकली. एक पहिलवान. गडी एवढा दणकट, की त्याच्या पंज्यात बाहुली म्हणजे चपातीत गुंडाळलेली बटाट्याची फोड. दुसरी कोकिळा, नुकतीच लागलेली मुलगी, हातानं काहीही करताना गुणगुणत असते. आणि सगळ्यात मागे, दाराजवळची खुर्ची पकडून, मामा.

हो, आपले मामा. तुझी गाडी चालवायचे ते. केस पिकलेत, गाडी तीच पांढरी, फक्त नवी. मला बघून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "धाकट्या सिस्टर, या वयात परीक्षा घेणार का आमची?"

सुरुवात पहिलवानानं केली. "बाळ रडलं नाही की उलटं धरायचं आणि चापट द्यायची, बरोबर?"

मी म्हटलं, "तुला कुणी उलटं टांगून चापट मारली, तर तू श्वास घेशील की शिवी देशील?"

सगळे हसले. मग मी शिकवायला लागले. आधी पुसा. नुसतं पुसण्यानं, पाठ चोळण्यानं बरीचशी बाळं रडतात. नाही रडलं, तर मान सरळ, नाक किंचित वर, छोटा मास्क नाका-तोंडावर आणि त्याला जोडलेली हवेची पिशवी हलक्या हातानं दाबायची. पहिल्या मिनिटातच. सगळ्यांचे डोळे आपापल्या हाताकडे. मी ओरडले, "छातीकडे बघा, छाती उचलतेय का!" आणि ओरडल्यावर लक्षात आलं, की तो आवाज माझा नव्हता. मोठ्या बाईंचा होता, नाकातून येणारा. घसा आपोआप तसा झाला.

मग मी ड्रायव्हर लोकांना म्हटलं, "मागून हाक आली, की बाळ श्वास घेत नाहीये, तर गाडी बाजूला घ्या. हलत्या गाडीत मास्क चेहऱ्यावर बसत नाही. आधी श्वास, मग रस्ता."

मागून मामांचा आवाज आला. "थांबवायची? बाळ जात असताना गाडी थांबवायची?"

"हो मामा."

"म्हणजे गाडी दाबायची नाही?"

"नाही."

 थोड्या वेळानं बघते तर खुर्ची रिकामी. वर्ग सुटल्यावर खाली गेले. धुलाईखान्याच्या मागे नळ आहेत ना, तिथे उभे होते. हात धूत होते, पण हातांना काही लागलेलं नव्हतं.

ताई, मग त्यांनी मला ते सांगितलं. पुलावरचं. तुझ्या शेवटच्या बाळाचं.

मला एवढंच ठाऊक होतं, की पुलावर असताना बाळ गाडीतच झालं, श्वास घेईना, आणि गाडीत मोठ्या माणसाचाच मास्क होता. तू आपल्या तोंडानं त्याला हवा देत राहिलीस. दारात मी उभी होते. तू ते माझ्या हातात दिलंस, तेव्हा ते गरम होतं, पण ती ऊब तुझ्या अंगाची होती. चौकशीत तुला विचारलं, की इतका उशीर का झाला. तू म्हणालीस, "मला जमलं नाही." तेवढं एकच वाक्य. मग राजीनामा, मग तुझं ते लांबचं गाव, चष्म्याचं दुकान, आणि मला ती ताकीद.

मामा म्हणाले, "त्या मागून ओरडत होत्या, मामा थांबवा, मामा थांबवा. मला वाटलं, घाबरल्यात. मी आणखी दाबली. खड्डे बघितले नाहीत, काही नाही. त्यांचं तोंड बाळावर टिकत नव्हतं, धक्क्यानं. आरशात दिसत होतं मला. मला वाटत होतं, पोचवलं की जिंकलो."

"चौकशीत तुम्ही हे का नाही..."

"सांगायला निघालो होतो. त्यांनी जिन्यात अडवलं. म्हणाल्या, मामा, तुमच्या घरात पाळणा हलतोय. तुम्ही आजारी आहात, आज घरी जा."

ताई, तू मला हे कधीच सांगितलं नाहीस. आपण दोघी एका उशीचं बाळ वाढवलेल्या, आणि तू हे एकटीनं उचलून इतक्या लांब निघून गेलीस. मी रागावले नाहीये. म्हणजे, रागावलेय. पण ते राहू दे.

मामांनी तुझी चौकशी केली. मी सांगितलं, तू मजेत आहेस. खरं म्हणजे मला ठाऊक नाही.

शेपूट

० ० ०

२० फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग मुलांना वाचून दाखवलं. त्यांना वाटलं, आईला लॉटरी लागली. त्यात आहे काय, तर एवढंच: "फाडलं नाही. मामांना सांग, गाडी उभी असती तरी मास्क मोठाच होता, हवा बाजूनेच गेली असती. तुझ्या बाहुल्या कोरड्या आहेत का? बाळ ओलं असतं."

पहिला निरोप मी मामांना तसाच्या तसा सांगितला. त्यांनी तो मला परत म्हणायला लावला. मग म्हणाले, "त्या अजूनही माझीच बाजू घेतायत," आणि गाडीच्या काचा पुसायला लागले. स्वच्छच होत्या.

आणि बाहुल्यांच्या प्रश्नानं तर तू मला पार उघडं पाडलंस. कोरड्याच होत्या ना! पावडर लावलेल्या, गुटगुटीत, शहाण्या बाहुल्या. मी खालच्या धोब्याकडे गेले. त्यानं पातळ साबण दिला, मी त्यात तेल घातलं आणि तिन्ही बाहुल्या त्यात बुडवून वर्गात नेल्या. पहिलवानाच्या हातात दिली मात्र, बाहुली सुळकन निसटली आणि दोन खुर्च्यांपलीकडे जाऊन पडली.  तो उठला, तिला दोन्ही हातांनी उचललं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "माफ करा साहेब, पुन्हा होणार नाही." त्यानंतर मशिनांचा आवाजही ऐकू येईना, इतके सगळे हसले.

पण ताई, त्या दिवसापासून वर्ग बदलला. ओल्या बाहुलीला कुणी ऐटीत धरत नाही. आधी पुसतात, ओला टॉवेल बाजूला टाकतात, कोरडा घेतात, हे मला सांगावंच लागत नाही. मास्क साबणावरून घसरतो, म्हणून बोटं आपोआप नीट बसतात. पहिलवान आता अंगठा आणि एका बोटात मास्क असा धरतो, की बघत राहावं. कोकिळा श्वास देताना मोजत नाही, गुणगुणते. चाल तीच, पण लय पक्की. मी म्हटलं, चालेल, पिशवी कुणाच्या गाण्यावर दाबली हे बाळ विचारणार नाही.

आता तुला ते सांगते, जे पहिल्या पत्रात सांगितलं नव्हतं. पेनाचा काही दोष नाही. माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा गेलाय. जोर लागला की बोट सुटतं. लेबर रूममध्ये एकदा माझ्या हातून मास्क सरकला. शेजारच्या सिस्टरनं लगेच सावरलं, बाळाला काही झालं नाही. पण मेट्रनबाईंनी बघितलं. त्या चांगल्या आहेत, "शिकवायला तुझ्यासारखी कोण मिळणार," म्हणाल्या. मी हसून हो म्हटलं आणि लिननच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

परवा वर्गात करून दाखवताना तेच झालं. मास्क घसरला, हवा फुस्स करून बाजूनं गेली. पहिलवान म्हणाला, "हां, म्हणजे हे कसं करू नये ते दाखवलंत ना?" मी म्हटलं, "हो, नीट बघून ठेव." सगळ्यांनी माना हलवल्या. मामांनी तेवढी हलवली नाही. आता करून दाखवायचं काम कोकिळेला दिलंय, मी शेजारी उभी राहून तोंड चालवते.

मोठ्या बाईंच्या हाताला शेवटी शेवटी कंप होता, आठवतं? आपल्याला वाटायचं, त्या रागानं थरथरतायत. बाहुली कायम तुझ्याकडून हाताळून घ्यायच्या आणि मागे हात बांधून उभ्या राहायच्या. मला आत्ता कळतंय.

तिकडे थंडी कितपत आहे? बघ, हवामान खात्याची सवय जात नाही.

शेपूट

० ० ०

१८ मार्च

ताई,

आधी सांगून टाकते. बाळ बरं आहे, आई बरी आहे. आता शांतपणे वाच.

काल दुपारी मामा आणि कोकिळा एका बाईला घेऊन येत होते. तिसरी खेप तिची, त्यामुळे फार वेळ दिलाच नाही. अर्ध्या वाटेत बाळ झालं. मुलगी. अंगानं ढिली, निळसर, आवाज नाही.

कोकिळा सांगत होती, "मॅडम, मी पुसलं. पाठ चोळली. टॉवेल बदलला. काहीच नाही. मी म्हटलं, मामा! पुढे काय म्हणणार होते मलाच माहीत नाही. आणि गाडी थांबली."

टायरच्या दुकानासमोर. मामांनी पंखा बंद केला, मागचं दार उघडून आत आले. दुकानातली दोन माणसं काय झालं बघायला आली. मामांनी त्यांना एवढंच सांगितलं, "आडोसा धरा." त्यांनी मोठी ताडपत्री आणली आणि दोन टोकं हातात धरून, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. शेवटपर्यंत मागे वळून बघितलं नाही त्यांनी.

कोकिळेनं मास्क लावला, पिशवी दाबली. छाती उचलेना. पुन्हा दाबली. उचलेना. "मॅडम, मला तुमचं काहीच आठवेना. सगळं पांढरं झालं डोळ्यापुढे."

मामा तोवर आईजवळ बसले होते, तिचा हात हातात घेऊन. तिथूनच म्हणाले, "मान बघ, पोरी. मान पुढे पडलीये. नाक वर घे."

तिनं मान सरळ केली. मास्क उचलून पुन्हा बसवला. दाबली, आणि छाती उचलली. "इतकी छोटी, मॅडम. पण उचलली." मग ती गुणगुणायला लागली. ती म्हणते, मी गुणगुणले नाही. मामा म्हणतात, अख्खं गाणं झालं.

आधी ओठ गुलाबी झाले. मग कपाळ. मग मुलीनं एक पाय आखडला, आणि बिजागरी कुरकुरावी तसा आवाज काढला. कोकिळेनं मास्क बाजूला घेतला. आवाज थांबेल की काय, म्हणून कुणी हललं नाही. तो थांबला नाही. तोवर त्या आईला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिनं विचारलं, "रडतेय का?"

मामा म्हणाले, "रडतेय बाई. चांगली भांडतेय. ऐक."

मग बाळाला आईच्या छातीवर ठेवलं, दोघींवर पांघरूण घातलं, आणि मामांनी गाडी चालवली. कोकिळा म्हणते, इतकी हळू, की सायकलवाले पुढे जात होते.

मी दारात उभी होते, ताई. माझी बदली झालीये, तिथे उभं राहायचं मला काही कारण नव्हतं. पण वायरलेसवर ऐकलं आणि जिना उतरून गेले. कोकिळेनं तिला माझ्या हातात दिलं. गरम होती. स्वतःची गरम. किंचाळत होती. मी अंगठा वापरला नाही, दोन्ही हातांची परडी केली, आणि तेवढी दहा पावलं मी तिला आत नेली. कुणी मला अडवलं नाही.

संध्याकाळी मामा वर माझ्या खोलीत आले. जोडे बाहेर काढून आले, कोमट फरशीवर पाय टेकवून बसले.  मी चहा मागवला, तो निवला. जाताना दाराशी थांबून म्हणाले, "मोठ्या सिस्टरना कळवा. म्हणावं, मामा थांबले."

कळवलं.

शेपूट

० ० ०

२ एप्रिल

शेपूट,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन मी फाडली, ती सवय माझीच आहे.

तुला वाटतं तसं मी तुझ्यापासून ते लपवलं नव्हतं. तुला सांगितलं असतं, तर तू मला थोपटलं असतंस, आणि मला ते सहन झालं नसतं. दारात बाळ तुझ्या हातात दिलं, तेव्हाचा तुझा चेहरा मला पुन्हा बघायचा नव्हता. एवढंच. त्यात तुझं काही नव्हतं. तुला इतकी वर्षं हवामानावर ठेवलं, हे मात्र जास्त झालं.

अंगठ्याला पट्टी बांधून झोपत जा. आणि मेट्रनबाई खरं बोलल्या.

इथलं सांगते. आमच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, अँब्युलन्सचा अड्डा आहे. दोन गाड्या. मी दुकानात लागले, त्याच दिवशी मालकांना म्हटलं, माझं टेबल भिंतीकडे तोंड करून लावा, उजेड डोळ्यात येतो. भोंगा वाजला की मी फ्रेमचे स्क्रू मोठमोठ्यानं मोजायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई फार काटेकोर आहे.

मामा थांबल्याचं तुझं पत्र आलं, ते मी दुपारी दुकानातच वाचलं. मग चष्मा साफ करायचं फडकं हातात होतं, ते तसंच घेऊन रस्ता ओलांडला. काय बोलायचं, ते ठरवलंही नव्हतं.

आत एक चाळिशीचा माणूस खोकी लावत होता. मी विचारलं, "तुमच्याकडे बाळाचा मास्क आहे का?"

तो म्हणाला, "कुणाच्या बाळाला काही झालंय का?"

"नाही. आहे का ते विचारतेय."

त्यानं गाडीतली पेटी उघडली, तळातून प्लास्टिकची एक पिशवी काढली. लहान मास्क, गोल, अगदी हवा तेवढा. पिशवीचं सील तसंच. त्यावर धूळ बसलेली. तो जरा ओशाळून म्हणाला, "आला तेव्हापासून असाच आहे. वापरायचा कसा, ते इथे कुणालाच धड माहीत नाही. एकदा वेळ आली होती."  त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी पुढचं विचारलं नाही. तो चेहरा मला ओळखीचा होता.

मी पिशवी फोडली. मास्क हाताच्या तळव्यावर ठेवला. माझे हात अजून शाबूत आहेत, शेपूट. मला वाटलं होतं, विसरले असतील.

त्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या फडक्याकडे बघितलं, दुकानाच्या पाटीकडे बघितलं. म्हणाला, "तुम्ही समोरच्या चष्म्यावाल्या ना? तुम्हाला यातलं काय कळतं? आहात कोण तुम्ही?"

रस्त्यावरून एक गाडी गेली, दुसरी गेली. मला कुणी हे विचारून किती वर्षं झाली होती.

मी म्हटलं, "मी सिस्टर आहे."

ताई